पोटॅशियमची रेघ

विनायक मत्ते या माणसाचा मला राग येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्याच्यासाठी जे केलं त्याला कुणी चांगुलपणा म्हणायला नको. भर सकाळी, कारखान्याच्या गेटवर, शेकडो माणसांसमोर त्याने माझ्या तोंडाला काळं फासलं होतं. कोळशाची भुकटी ऑइलमध्ये कालवून घरून तयार करून आणली होती. "हिच्या मशीननं आमच्या चुली इझवल्या!" असं तो ओरडला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत माझ्या दोन शेजारणी होत्या. त्या नंतरही माझ्याकडे विरजण मागायला येत राहिल्या.

आमचं खैरमाळ चंद्रपूरच्या पुढे, खाणींच्या पट्ट्यात आहे. इथली जुनी भट्टी कोकवर, म्हणजे भाजलेल्या दगडी कोळशावर, चालायची. लोहखनिज आणि कोक एकावर एक रचून तासन् तास भाजायचे, मग कोक खनिजातला ऑक्सिजन ओढून घ्यायचा, लोखंड खाली उतरायचं आणि काजळी आमच्या दोरीवरच्या कपड्यांवर. नवी भट्टी म्हणजे तीन मजले उंच, आतून तांब्याची, भोवती पाणी खेळवलेली पोकळ नळी. तिच्या माथ्यावर दोन विद्युतअग्रांमध्ये ठिणगी पेटवतात आणि त्या ठिणगीतून हायड्रोजन सोडतात. तो इतका तापतो की त्याचे रेणू फुटतात, अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होऊन सैरावैरा धावतात. हाच प्लाझ्मा. वायूसारखा दिसतो, पण वायूच्या अंगात नसलेली एक खोड त्याच्यात असते: त्याच्यातून वीज वाहते. आता वरून पिठासारखी दळलेली खनिजाची भुकटी सोडायची. एकेक कण खाली पोचेपर्यंत, म्हणजे पापणी लवायच्या आत, तो फुटका हायड्रोजन कणातला ऑक्सिजन हिसकावतो. खाली लोखंड जमतं, बाजूने वाफ निघून जाते. धूर नाही, कोक नाही, आणि कोकवर पोट भरणारी माणसंही नाहीत. गावाचे दोन तुकडे झाले. मत्तेसारखे जुन्या भट्टीचे कोकवाले आणि आमच्यासारखे प्लाझ्मावाले. लग्नाच्या पंगतीसुद्धा वेगळ्या बसायला लागल्या.

माझं काम त्या भट्टीच्या उजेडाकडे बघण्याचं. कुठलंही मूलद्रव्य पुरेसं तापलं की ते स्वतःच्या ठरलेल्या रंगांचा उजेड देतं, आणि तो उजेड यंत्रातून फाकवला की पडद्यावर त्याच्या रेघा उमटतात. सोडियमची पिवळी, कॅल्शियमची केशरी, आणखी कितीतरी. भट्टीत पडलेला चिमूटभर कचराही मला आपलं नाव सांगून जळतो. वरच्या मजल्यावर, जिथून भुकटी आत सोडतात तिथे, कुणी तंबाखू मळून हात झटकला की चुन्यातला कॅल्शियम माझ्या पडद्यावर हजर. आमचे व्यवस्थापक सबनीस रोज सकाळी विचारायचे, "मॅडम, काल काय दिसलं?" मी दिसलं ते सांगायची आणि संध्याकाळी कुणाचा तरी पगार कापला जायचा. मला सगळे 'चुगली मॅडम' म्हणत. त्या मजल्याचा सुपरवायझर माझाच नवरा, नितेश. तेव्हा घरी जेवणाच्या ताटावर आमचं काय चालत असेल याचा अंदाज बांधा.

त्या वर्षी सबनीसांनी खंडेनवमीची पूजा बंद केली. दर वर्षी भट्टी थांबवून, धुऊनपुसून तिला हळदकुंकू वाहत, नारळ फोडत, झेंडूची माळ घालत. "नारळाचं पाणी, हळद, कुंकू, सगळं भुकटीत जातं. पूजा गेटबाहेर करा," असा हुकूम निघाला. माणसं काही बोलली नाहीत. खैरमाळची माणसं बोलली नाहीत की सावध व्हायला हवं, हे पुण्याहून आलेल्या सबनीसांना कोण सांगणार? मीही सांगितलं नाही. मला कुठे कोण विचारत होतं!

नवमीला सफाईसाठी बंद ठेवलेली भट्टी दसऱ्याला सकाळी पुन्हा पेटवली. मी नियंत्रण कक्षात पडद्यासमोर होते. लोखंडाच्या रेघांचं नेहमीचं जंगल उगवलं. आणि मग लाल रंगाच्या अगदी टोकाला, जिथे माणसाचा डोळा जवळजवळ हात टेकतो तिथे, एक जोडरेघ उभी राहिली. ती वाढतच गेली. पोटॅशियम.

पोटॅशियमचा अणू आपला बाहेरचा इलेक्ट्रॉन फार सहज सोडून देतो. थोडंसं पोटॅशियम मिळालं तरी प्लाझ्मात इलेक्ट्रॉनांची रेलचेल होते, वीज अगदी सहज वाहू लागते आणि व्होल्टेज कोसळतं. भट्टीच्या संगणकाला एवढंच शिकवलेलं होतं की शक्ती कायम राहिली पाहिजे. व्होल्टेज पडलं तसा त्याने विद्युतप्रवाह वाढवला. आणखी पडलं, आणखी वाढवला. तो सगळा प्रवाह तांब्याच्या एकाच ठिकाणी टेकून बसला आणि तांबं वितळून भोक पडलं. भोवती खेळवलेलं पाणी आत शिरलं आणि शिरताशिरता त्याची वाफ झाली. मी लाल बटणावर हात मारला तेव्हा माथ्याचं झाकण उडालेलं होतं आणि हायड्रोजन बाहेरच्या हवेत पेटला होता.

वरच्या मजल्यावर सूरज पिंपळशेंडे होता. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला.

कॅमेऱ्यात त्याच्याशेजारी, स्फोटाच्या थोडंच आधी, विनायक मत्ते दिसला. हातात आपट्याची पानं. सूरज त्याचा सख्खा भाचा. पोराने नव्या भट्टीत नोकरी धरली तेव्हापासून मामाने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. दसऱ्याला सोनं द्यायचं निमित्त करून तो जुन्या ओळखीच्या वॉचमनला हात जोडत आत शिरला होता. पोलिसांनी त्याला संध्याकाळी उचललं. सबनीसांनी सांगून टाकलं की ही तोडफोड आहे, या माणसाने भुकटीत काहीतरी टाकलं. सूरजची आई, इंदिराबाई, पोलीस ठाण्याच्या दारात भावाला बघून म्हणाली, "माह्या पोराले खाल्लंस, आता तुहं पोट भरलं ना?" मत्तेने मान वर केली नाही.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? आरशात काळं तोंड बघितलेल्या बाईला बरं वाटणारच.

पण ती रेघ काही डोक्यातून जाईना. ओंजळभर पानांनी अशी रेघ उमटत नाही. ती तेवढी वर चढायला पिशव्या भरून काहीतरी लागतं. आणि रेघेच्या सोबतीला कॅल्शियमही होता. पोटॅशियम आणि कॅल्शियम एकत्र, भरपूर, कुठे मिळतात? लाकडाच्या राखेत.

उत्तर घरातच मिळालं. सासूबाई देवापुढे बसून डोळे पुसत होत्या. म्हणाल्या, "सोन्यासारखा पोरगा गेला बाप्पा. मले त वाट्टे, राखच कमी पडली. पुढच्या खेपेले अजून देऊ."

"कसली राख, आई?"

"मातामायच्या होमाची. दुसरी कोनची?"

नितेश आतून आला आणि त्याने आईकडे असं बघितलं की त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. मग तोच बोलला. गेटबाहेरची पूजा मशीनला कशी पोचणार, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं होतं. नवमीला मातामायच्या देवळात होम झाला, त्याची राख घरोघरी वाटली गेली. भट्टी बंद होती. वरच्या मजल्यावरच्या प्रत्येकाने आपल्या घरची राख भुकटीच्या हौदात टाकली. नितेशने चिमूट चिमूट म्हणून होकार दिला होता. पण चिमटीवर कुणाचं समाधान होतंय? सासरची, माहेरची, शेजाऱ्यांची, ज्यांचं कुणी कारखान्यात नव्हतं त्यांचीसुद्धा राख डब्यांतून, पिशव्यांतून आली. मशीन सुखरूप राहावं म्हणून आली.

"तू टाकलीस?"

"आईनं दिली होती."

"सूरजने?"

"त्याच्याही आईनं दिली होती." तो खाली बसला. "मृणाल, ती रेघ तुझ्याशिवाय कुणी पाहिली नाही ना?"

"नाही."

"मग राहू दे."

"एक माणूस आत आहे."

"तो मत्ते? तुझ्या तोंडाला काळं फासणारा? तुला त्याचा पुळका कधीपासून आला?"

"पुळका नाही आला. तो मेला तरी मी पाणी सोडणार नाही. पण त्याने हे केलेलं नाही."

"मग कोणी केलं ते सांग. मी केलं, आईनं केलं, अख्ख्या गावानं केलं. घाल सगळ्यांना आत. तेवढंच राहिलंय तुझं." हे बोलून तो घराबाहेर पडला. पुढचे कित्येक दिवस आम्ही मीठ दे, पाणी दे याच्या पलीकडे बोललो नाही.

मी सबनीसांकडे गेले. हौदात उरलेली भुकटी तपासू या, म्हटलं. त्यांनी दार लावून घेतलं. "मॅडम, भुकटीत राख सापडली तर मत्ते सुटतो. मत्ते सुटला तर कंपनीने सुरक्षेची काळजी घेतली नाही असं होतं. तुमच्या मिस्टरांचं काय होईल ते मी बोलत नाही." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "तसाही तो तुमचा कोण लागतो?"

हा प्रश्न त्या दिवसांत मला सगळ्यांनीच विचारला. मी स्वतःलाही विचारला. शेवटी चिडून चंद्रपूरच्या तुरुंगात जाऊन पोचले. मला काय हवं होतं ते नीट आठवतं. या माणसाने माझ्यापुढे हात जोडायला हवे होते. त्याने रडावं, माफी मागावी, आणि मग मी त्याला सोडवावं. एवढा हिशेब मनात अगदी पक्का होता.

जाळीपलीकडे तो येऊन बसला. दाढी वाढलेली, डोळे तसेच, माज उतरलेला नव्हता.

"या, मॅडम. काय पाहाले आल्या? माहं तोंड काळं झालं का नाई थे?"

मी सांगितलं. रेघ, राख, होम, पिशव्या. तो ऐकत गेला आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गळालं. मला वाटलं आता हात जोडतो.

त्याने विचारलं, "सूरजनंबी टाकली?"

मी मान डोलावली.

"म्हंजे इंदिरानं देल्ली." तो जाळीजवळ सरकला. "मॅडम, तुमी आजवर समद्यायच्या चुगल्या केल्या. ही एक करू नका."

"तुला कळतंय का मी काय सांगतेय? तू यातून सुटतोस."

"कळून राह्यलं ना. मी सुटीन आन थे अटकंल. आता थे मले शिव्या देते. सकाळी उठली का देते, झोपताना देते. त्याच्यावर जगून राह्यली माही बहीण. उद्या तिनं सोताले शिव्या देनं सुरू केलं, त किती दिवस जगंल?" तो उठला. "माह्या मशीनचा काळ सरला, मॅडम. माहं आता बाहेर काय काम हाय? तुमी घरी जा. तुमच्या नवऱ्याले सांभाळा."

परतीच्या एसटीत माझा राग मावत नव्हता. या माणसाला सोडवायची माझी इच्छा नव्हती, आणि आता तोच मला सोडवू नको म्हणत होता. धड त्याचा द्वेष करायचीही सोय त्याने ठेवली नाही. वर मला हुकूम करून गेला! आणि खरं म्हणजे त्याच्या हुकुमात सगळ्यांचं भलं होतं. माझं घर वाचत होतं, कंपनी वाचत होती, गाव वाचत होतं. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि ते मी बसलेही असते.

पण भट्टी दुरुस्त झाली. चैत्रात, रामनवमीला ती पेटवायचं ठरलं. आदल्या आठवड्यात घरी आले तर ओट्यावर स्टीलचा मोठा डबा, तोंडापर्यंत राखेने भरलेला. शेजारच्या दोघी आणखी घेऊन आल्या होत्या.

"यंदा कमी नाई पडू देत," सासूबाई म्हणाल्या. "तुह्या सबनीसनं पहारेकरी वाढवले म्हनतेत. पन जेवनाच्या डब्यात कोन हात घालते?"

नितेश दारात उभा होता. त्याने डबा बघितला, माझ्याकडे बघितलं. तांब्यातलं भोक, पाणी, उडालेलं झाकण, हे सगळं त्याला माझ्याइतकंच समजत होतं. "मी सांगून बघितलं," तो म्हणाला. "खरं कारण सांगितल्याशिवाय कोणी ऐकत नाही. आणि खरं कारण मला सांगवत नाही."

"मग मी सांगते," मी म्हटलं.

त्याने मला अडवलं नाही. सोबतही आला नाही.

तपास अधिकाऱ्याकडे जायच्या आधी मी इंदिराबाईच्या घरी गेले. हे तिला पोलिसांच्या तोंडून कळलं असतं तर मला माझीच लाज वाटली असती. घर जुन्या भट्टीच्या चाळीत. ती तांदूळ निवडत होती. मला बघून तिने सूप बाजूला ठेवलं नाही.

"आता काय सांगाले आली?"

मी बसले नाही. उभ्याउभ्या सांगितलं, आणि रेघेपासून नाही, राखेपासून सुरुवात केली. राखेत काय असतं, त्या भट्टीत ते काय करतं. तिचे हात सुपात थांबले.

"विनूनं काई नाई टाकलं?"

"नाही. तो पानं द्यायला आला होता."

"त्याले हे माहीत हाय?"

"आहे. त्यानेच मला सांगितलं, तुम्हाला कळू द्यायचं नाही म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी आयुष्यात खूप माणसांच्या नजरा झेलल्या आहेत, गेटवरच्या त्या सकाळीसुद्धा झेलल्या. अशी नजर झेलली नव्हती.

"माह्या एकटीच्या राखंनं झालं असतं का?"

"नाही. एका घरच्या राखेने काही झालं नसतं, काकू."

"समद्यायची मिळून."

"हो."

"आन माही होती त्याच्यात."

हे तिने विचारलं नव्हतं, तरी मी म्हटलं, "हो. होती." त्या बाईला खोटं सांगायचा अधिकार मला कुणी दिला होता? तिच्या भावालाही कुणी दिला होता?

ती उठली. सूप भिंतीला टेकवलं, पदर खोचला, चपला घातल्या. "चाल," म्हणाली. मला वाटलं मला घराबाहेर काढते आहे. पण ती माझ्या पुढे चालत थेट तपास अधिकाऱ्याच्या कचेरीत गेली आणि मी तोंड उघडायच्या आत त्याला म्हणाली, "साहेब, लिहून घ्या. माह्या घरची राख होती. कायची म्हून देल्ली, थे बी लिहा." त्यानंतर मी माझं सांगितलं. त्यानंतर, संध्याकाळ व्हायच्या आत, नितेश आला आणि त्याने त्याचं सांगितलं. तो माझ्याजवळ बसला नाही.

रामनवमीला भट्टी पेटली नाही. हौद रिकामा करून धुतला. सबनीसांची बदली झाली, नितेश निलंबित झाला, सासूबाई त्याला घेऊन आपल्या माहेरच्या गावी गेल्या. प्लाझ्मावाल्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं आणि कोकवाल्यांनी सुरू केलं नाही. विरजण मागायला आता कुणी येत नाही.

मत्ते सुटला त्या दिवशी इंदिराबाईने मला बोलावणं पाठवलं. का, ते सांगितलं नाही. मी गेले तेव्हा ती दारात उभी होती. रिक्षातून तो उतरला, हातात कपड्यांची पिशवी. त्याने आधी मला बघितलं.

"केलीच ना शेवटी चुगली?"

मी काही बोलणार तोच इंदिराबाई पायरी उतरून खाली आली आणि तिने त्याच्या कानाखाली वाजवली. चाळीतली सगळी दारं उघडी होती. एवढा मोठा माणूस, गेटवर शेकडो लोकांना पेटवणारा, पिशवी छातीशी धरून उभा राहिला.

"तिले काय बोल्तं? मले बोल. माह्या पोराचं मरन माहं होतं. तू काहून घेतलं?"

"तुले सोसलं नसतं, इंदिरा."

"सोसन, नाई सोसन, थे माहं मी पाह्यलं असतं. इतके महिने तुले शिव्या देत बसली मी. माह्या पोरासाठी एक दिवस धड रडली नाई. तू मले रडू बी नाई देल्लं, विनू." "मले इचारलं का तुनं? एक डाव इचारलं का?"

मत्ते पायरीवर बसला. ती त्याच्यापासून हातभर अंतर ठेवून बसली आणि मग सूरजचं नाव घेऊन मोठ्याने रडायला लागली. शेजारच्या बाया धावत आल्या, तिने हात करून त्यांना थांबवलं. मला मात्र जा म्हणाली नाही. मी तिथेच, उन्हात, उभी राहिले.